रहस्यकथा सुचवताना किती सांगावे?

मागील अंकात आम्ही वाचकांकडून रहस्यकथांविषयीचे प्रश्न मागवले होते. कथा छापील असो, पडद्यावरची असो किंवा मालिकेतली. आलेली पत्रे वाचताना जाणवले की ‘मी काय वाचू’ यापेक्षा ‘मला आवडलेले दुसऱ्याला कसे सुचवू’ ही चिंता आपल्या वाचकांना अधिक आहे. त्यामुळे या वेळी त्या अंगाच्या प्रश्नांना जागा जास्त दिली आहे. पुढील कोणत्याही उत्तरात गुन्हेगाराचे नाव फोडलेले नाही, तेव्हा निर्धास्तपणे वाचावे.

आमच्या वसाहतीत वाचक मंडळ आहे. दर महिन्याला एका सभासदाने पुस्तकाचा किंवा चित्रपटाचा लेखी परिचय करून द्यायचा असतो. या वेळी पाळी माझी आहे आणि मला रहस्यकथेवर लिहायचे आहे. कथानक सांगितले तर वाचणाऱ्याचा रस जातो आणि न सांगितले तर लिहायला काही उरतच नाही. यातून मार्ग कसा काढावा?
— एक वाचक, ठाणे

लिहायला पुष्कळ उरते. गुन्हा कुठे घडला, कोणत्या काळात घडला, त्या घरातली किंवा गावातली माणसे कशी आहेत, गोष्ट कोण सांगतो, तपास करणारा कोणत्या स्वभावाचा आहे, लेखक घाईने पुढे नेतो की रेंगाळतो, विनोद आहे का, रक्तपात किती आहे, या सगळ्यावर मोकळेपणाने लिहिता येते आणि पुस्तक हातात घ्यावे की नाही हे ठरवताना वाचकाला नेमकी हीच माहिती लागते. लेखकाने पहिल्या चतुर्थांशात जे उघड केले आहे ते आपणही उघड करावे आणि त्यापुढचे लेखकाकडे सोडावे, असा ढोबळ नियम मी स्वतः पाळतो.

खरा धोका कथानक सांगण्यात नसून निरुपद्रवी वाटणाऱ्या वाक्यांत असतो. ‘शेवट असा आहे की तुम्ही चक्रावून जाल’ हे चाहत्यांचे सर्वांत आवडते वाक्य आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत घातक आहे. ते वाचलेला माणूस पहिल्या पानापासून प्रत्येक सज्जनाकडे संशयाने पाहू लागतो, समोर दिसणाऱ्या उत्तरावर विश्वास ठेवत नाही, आणि लेखकाने जी गाफील अवस्था मेहनतीने निर्माण केलेली असते ती त्याच्या वाट्याला येतच नाही. ‘अमुक चित्रपटासारखाच शेवट आहे’ हे त्याहून वाईट, कारण एका वाक्यात दोन कलाकृतींचा निकाल लागतो. मालिकांच्या बाबतीत ‘एवढा मोठा नट एवढ्याशा भूमिकेत कसा?’ असे भाबडे आश्चर्यही टाळावे.

नमुना म्हणून अगाथा ख्रिस्ती यांची 1926 सालची, रॉजर अ‍ॅक्रॉइड या सधन गृहस्थाच्या खुनाची कादंबरी घेऊ. तिच्याविषयी मी असे लिहीन: किंग्ज अ‍ॅबट नावाच्या इंग्रजी खेड्यात हर्क्यूल पॉयरॉ हा नामांकित गुप्तहेर निवृत्त होऊन भोपळ्याच्या जातीची भाजी पिकवण्याच्या नादात आहे. गोष्ट सांगतात गावचे डॉक्टर शेपर्ड, आणि त्यांची अविवाहित बहीण कॅरोलाइन घरातून बाहेर न पडताही गावातल्या प्रत्येक घरची बातमी मिळवते. या बहिणीची पात्ररेखा एवढी खुसखुशीत आहे की केवळ तिच्यासाठी पुस्तक वाचावे. खेड्यातल्या कुजबुजीत ज्यांना गंमत वाटते त्यांनी हे घ्यावे. पाठलाग आणि पिस्तुले हवी असणाऱ्यांनी घेऊ नये. एवढे पुरे. या पुस्तकावर जगभर आणखी काय काय बोलले गेले आहे ते आपल्या मंडळाने पुस्तक संपवल्यावरच शोधावे.

गुपित राखण्याची परंपरा सामूहिकही असू शकते. ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक लंडनमध्ये नोव्हेंबर 1952 मध्ये सुरू झाले आणि महासाथीच्या काळातला खंड सोडला तर अजूनही सुरू आहे. प्रत्येक प्रयोगाच्या अखेरीस प्रेक्षकांना विनंती केली जाते की खुनी कोण हे बाहेर कुणाला सांगू नका. माहिती एका क्षणात सापडेल अशा काळातही बहुसंख्य प्रेक्षक ती विनंती पाळतात. आपल्या मंडळाच्या बैठकीतही असा नियम करून, ज्यांनी पुस्तक संपवले आहे त्यांची चर्चा चहानंतर वेगळी ठेवता येईल.

परिचयाच्या शेवटी पाचपैकी किती तारे द्यावेत याचा काही निकष आहे का?
— एक वाचक, जळगाव

तारे देऊच नयेत, असे माझे मत आहे. रहस्यकथेत दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात: लेखक वाचकाशी प्रामाणिक राहिला का, आणि वाचताना मन रमले का. इंग्लंडमधले धर्मगुरू आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये या प्रामाणिकपणाचे दहा नियम लिहिले. गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दाखवला पाहिजे, पूर्वसूचना न देता जुळे भाऊ आणायचे नाहीत, गुप्त वाटा एकाहून अधिक नकोत, असा त्यांचा रोख होता. आता याच कसोटीवर शेरलॉक होम्सच्या कितीतरी कथा नापास होतात, कारण होम्स गालिच्यावरून काहीतरी उचलून पाकिटात टाकतो आणि ते काय होते हे कथा सांगणाऱ्या त्याच्या मित्राला, डॉक्टर वॉटसनला, म्हणजे आपल्यालाही, शेवटीच कळते. तरीही त्या कथा रमवतात. उलट काही मालिका सगळे धागे काटेकोरपणे मांडतात आणि तिसऱ्या भागात झोप आणतात. या दोन प्रकारच्या यशापयशाची सरासरी काढून आलेले साडेतीन तारे वाचकाला काहीच सांगत नाहीत. त्याऐवजी ‘हे कुणाला आवडेल आणि कुणाला आवडणार नाही’ असे एक सरळ वाक्य लिहावे.

शेरलॉक होम्स मी आजवर वाचलेला नाही. मुलगी म्हणते, आधी नवी मालिका पाहा. यजमान म्हणतात, आधी पुस्तके. मालिकाही एकाहून अधिक आहेत असे कळते. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, नाशिक

पुस्तकापासून, पण पहिल्या पुस्तकापासून नव्हे. आर्थर कॉनन डॉयल यांनी होम्सवर चार कादंबऱ्या आणि 56 कथा लिहिल्या. 1887 मध्ये आलेल्या पहिल्या कादंबरीचा एक मोठा भाग लंडन सोडून अमेरिकेतल्या युटा प्रांतात जातो आणि तेवढा वेळ होम्स दिसतच नाही. तिथे अनेक नव्या वाचकांचा धीर सुटतो. ‘स्ट्रँड’ मासिकात जुलै 1891 पासून आलेल्या आणि पुढच्या वर्षी संग्रहित झालेल्या पहिल्या बारा कथा हे योग्य दार आहे. त्यातही लाल केसांच्या पुरुषांना भरपूर पगार देणाऱ्या विचित्र संस्थेची कथा आधी वाचावी. तिच्यात खून नाही, गंमत आहे, आणि होम्सची बुद्धी कशी चालते ते स्वच्छ दिसते. एकेक कथा तासाभरात संपते.

त्या बारा कथा झाल्या की ग्रॅनाडा या ब्रिटिश वाहिनीची 1984 ते 1994 या काळातली मालिका पाहावी. तिच्यातला जेरेमी ब्रेटचा होम्स आजही मला सर्वांत खरा वाटतो: तुसडा, अचानक हसणारा, कंटाळ्याने आजारी पडणारा. बहुतेक भाग पन्नासेक मिनिटांचे आहेत आणि एका कथेला तेवढाच वेळ शोभतो. या मालिकेने आणखी एक उपकार केला आहे. आधीच्या अनेक चित्रपटांनी वॉटसनला बावळट करून ठेवले होते. इथे डेव्हिड बर्क आणि नंतर एडवर्ड हार्डविक यांनी त्याला शहाणा, संयमी डॉक्टर म्हणून परत आणले.

मुलीने सुचवलेली मालिका बहुधा बेनेडिक्ट कंबरबॅचची, 2010 ते 2017 मधली असावी. ती चतुर आहे, पहिल्या दोन पर्वांत तर फारच चतुर, पण तिची निम्मी गंमत मूळ कथा ठाऊक असण्यावर उभी आहे. मूळ होम्स एखाद्या कोड्याला ‘तीन पाइपांचे कोडे’ म्हणतो, कारण ते सुटेपर्यंत तो तीन पाइप ओढणार असतो. नव्या मालिकेतला होम्स हातावर निकोटिनच्या तीन पट्ट्या चिकटवून बसतो. कथा वाचलेला प्रेक्षक इथे हसतो आणि न वाचलेला नुसता पाहत राहतो. शेवटच्या पर्वात मात्र कोड्यांपेक्षा होम्सच्या घरगुती इतिहासाला महत्त्व आले आणि माझा रस उतरला. मुलीचे मत वेगळे असू शकेल.

बंगाली लोकांना ब्योमकेश आहे, फेलूदा आहे. मराठीत असा एकही गुप्तहेर का झाला नाही?
— एक वाचक, सांगली

झाला नाही असे नाही. एकाहून अधिक झाले. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचे धनंजय, झुंजार आणि काळापहाड हे नायक एके काळी वाचनालयांच्या काउंटरवर पुस्तक परत येण्याआधीच मागितले जात. सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी, अमर विश्वास, दारा बुलंद असे नायक उभे केले आणि महाविद्यालयीन वाचकांची एक पिढी त्यांच्यावर पोसली. दिवाळी अंकांत ‘धनंजय’ आणि ‘नवल’ यांनी रहस्य, भय आणि गूढ या प्रकारांना वर्षानुवर्षे जागा दिली. तेव्हा उणीव लेखकांची नव्हती.

फरक दोन ठिकाणी पडला, असे मला वाटते. पहिला प्रतिष्ठेचा. ब्योमकेशचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय हे ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठीही नावाजलेले होते आणि फेलूदाचे जनक सत्यजित राय यांच्याविषयी काही सांगण्याची गरज नाही. ज्या हातांनी गंभीर साहित्य किंवा चित्रपट घडवले त्याच हातांनी रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे घरातल्या थोरांनी त्या मुलांच्या हातून काढून घेतल्या नाहीत. आपल्याकडे अर्नाळकर उशीखाली ठेवून वाचले गेले आणि समीक्षेने त्यांच्याकडे फार काळ ढुंकूनही पाहिले नाही.

दुसरा फरक पडद्याचा. ब्योमकेश बंगालबाहेर घरोघरी पोहोचला तो 1993 मध्ये, बासू चटर्जी यांच्या दूरदर्शनवरील हिंदी मालिकेमुळे. रजित कपूरचा धोतरातला, शांत, किंचित मिस्कील ब्योमकेश आणि के. के. रैनाचा अजित, म्हणजे ब्योमकेशचा मित्र, यांनी फारसा खर्च, फारशी हाणामारी किंवा मोठे संगीत न वापरता ती कामगिरी केली. मराठीत मात्र शिरवळकरांची चित्रपटामुळे सर्वाधिक गाजलेली कादंबरी कोणती, तर ‘दुनियादारी’. 2013 चा तो चित्रपट कॉलेजच्या कट्ट्याचा आहे, गुप्तहेराचा नाही. धनंजय किंवा फिरोज इराणी यांना त्यांचा रजित कपूर मिळाला असता तर आपण हा प्रश्न विचारला नसता.

ब्योमकेशला आपण परका मानू नये, याला एक कारण आहे. शरदिंदुबाबू 1938 मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी कथा लिहायला मुंबईत आले, आणि 1952 मध्ये चित्रपटांचे काम सोडून पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशकथा त्यांनी मधली दीडेक दशके थांबवल्या होत्या. नंतरच्या बहुतेक कथा पुण्याच्या या वास्तव्यातल्या आहेत. कोलकात्याच्या गल्ल्या, तिथले मेस आणि ट्राम यांचे एवढे जिवंत वर्णन करणारा लेखक ते सारे मुळा-मुठेच्या काठी बसून आठवत होता, ही गोष्ट मला फार आवडते. त्यांची ‘शैलरहस्य’ ही कथा तर महाबळेश्वरात घडते आणि ब्योमकेशने अजितला लिहिलेल्या पत्रांतून उलगडते.

वाचनाच्या क्रमाविषयी एक सूचना. लेखनक्रमाने ‘पथेर काँटा’ ही 1932 सालची कथा पहिली आहे, परंतु ब्योमकेश आणि अजित यांची ओळख होते ती त्यानंतर लिहिलेल्या ‘सत्यान्वेषी’ या कथेत. दूरदर्शनच्या मालिकेप्रमाणे आपणही तिथूनच सुरुवात करावी. दिबाकर बॅनर्जी यांचा 2015 चा हिंदी चित्रपट दुसऱ्या महायुद्धातल्या कोलकात्याचे देखणे चित्र उभे करतो, पण त्यातला नवखा, धडपडणारा तरुण हा सत्यवतीशी संसार थाटून अजितबरोबर एका छपराखाली राहणारा मूळचा गृहस्थ नव्हे. तो वेगळा चित्रपट म्हणून पाहावा.

रहस्यकथा वाचताना मी आधी शेवटचे पान वाचते आणि मग निवांतपणे पुस्तक वाचते. माझ्या मैत्रिणी यावरून मला नावे ठेवतात. यात काही चूक आहे का?
— एक वाचक, वर्धा

काहीही चूक नाही. फक्त मैत्रिणींना पुस्तक सुचवण्याचे काम आपण घेऊ नये.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला गुप्तहेरांच्या गोष्टी हव्या आहेत, पण मोठ्यांच्या मालिकांमधले खून आणि शिव्या नकोत. शक्यतो मराठीत काही सुचवाल का?
— एक पालक, रत्नागिरी

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हे पहिले उत्तर, आणि ते केवळ जुन्या आठवणींपोटी देत नाही. फुरसुंगीचा हा काटकुळा बनेश फेणे सायकलवरून गुन्हेगारांच्या मागे लागतो, अडचणीत सापडला की तोंडाने ‘ट्टॉक’ करतो आणि मोठ्यांच्या मदतीविना सुटतो. अकरा वर्षांच्या वाचकाला याहून अधिक काही लागत नाही. काही संदर्भ जुने झाले आहेत हे खरे, पण मुले त्यांना अडखळत नाहीत, पालकच अडखळतात. दूरदर्शनवर सुमीत राघवनने बालवयात केलेला फेणे कुठे पाहायला मिळाला तर तोही दाखवावा. 2017 चा चित्रपट मात्र दोन-तीन वर्षांनी दाखवावा. त्यात अमेय वाघचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे आणि गुन्हाही मोठ्यांच्या जगातला आहे.

दुसरे उत्तर फेलूदा. रायांनी या कथा 1965 पासून ‘संदेश’ या मुलांच्या मासिकासाठी लिहायला सुरुवात केली, त्यामुळे त्यांची भाषा स्वच्छ राहिली. अशोक जैन यांनी त्या मराठीत आणल्या आहेत. वेरूळच्या कैलास लेण्याभोवती फिरणारी, प्राचीन शिल्पांच्या चोरीची कथा आधी द्यावी आणि नंतर शक्य असेल तर मुलाला वेरूळला न्यावे. दुसऱ्या एका कथेत फेलूदा मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत येऊन पोहोचतो आणि जटायू या भोळ्या लेखकाची तिथे जी तारांबळ उडते ती वाचून मोठेही हसतात.

‘सोनार केल्ला’ची कादंबरी (1971) आणि रायांनीच केलेला चित्रपट (1974) दोन्ही द्यावेत, आणि आधी कादंबरी. पूर्वजन्मीचा सोन्याचा किल्ला आठवणाऱ्या मुलाची ही राजस्थानातली गोष्ट पुस्तकात कोड्यासारखी उलगडते, तर चित्रपटात खलपुरुष कोण हे प्रेक्षकाला लवकरच कळते आणि उरतो तो पाठलाग. लेखक आणि दिग्दर्शक एकच असूनही त्याने हा बदल केला, कारण शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून केलेला लांबलचक खुलासा पानावर जेवढा रंगतो तेवढा पडद्यावर रंगत नाही. मुलाला दोन्ही झाल्यावर विचारून पाहा की त्याला कोणती पद्धत आवडली. माझ्या अनुभवात मुले याचे उत्तर मोठ्या समीक्षकांपेक्षा नेमके देतात.

ओरिएंट एक्स्प्रेसमधल्या खुनाचा चित्रपट पाहिल्यामुळे मला शेवट माहीत आहे. आता कादंबरी वाचण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, बेळगाव

आहे, आणि तो रचनेत आहे. ख्रिस्ती यांच्या 1934 च्या या कादंबरीचे तीन भाग आहेत: आधी घटना, मग साक्षी, आणि शेवटी पॉयरॉ स्वस्थ बसून विचार करतो तो भाग. मधल्या भागातले बहुतेक प्रत्येक प्रकरण एकेका प्रवाशाच्या साक्षीचे आहे. गाडी युगोस्लाव्हियात बर्फात अडकलेली, पोलीस नाहीत, प्रयोगशाळा नाही, फक्त भोजनाचा डबा आणि समोर बसलेला माणूस. उत्तर माहीत असताना या साक्षी वाचणे म्हणजे जादूगाराच्या मागे उभे राहून त्याचे हात पाहणे. कोणते वाक्य खरे असूनही फसवे आहे, हे दुसऱ्या वाचनातच कळते.

आपण कोणता चित्रपट पाहिला ते लिहिलेले नाही. 1974 चा, अल्बर्ट फिनी आणि इन्ग्रिड बर्गमन यांचा चित्रपट मूळ रचनेला बराच धरून आहे, आणि बर्गमनला त्यातल्या छोट्या भूमिकेसाठी ऑस्करही मिळाले. केनेथ ब्रॅनाचा 2017 चा चित्रपट गाडीबाहेर फार हिंडतो. तो पाहिला असेल तर कादंबरी वाचण्याचे कारण दुप्पट होते.

‘दृश्यम’वरून आमच्या घरात वाद झाला. वडील म्हणतात, काय घडले ते आपण डोळ्यांनी पाहिलेले असते, तेव्हा त्याला रहस्यपट म्हणता येणार नाही. माझे म्हणणे उलट आहे. आपण निवाडा करावा.
— एक वाचक, मडगाव

निवाडा आपल्या बाजूने. ‘कोणी केले’ हा रहस्यकथेचा एक प्रश्न झाला. ‘कसे पकडले जाईल’ किंवा ‘कसा सुटेल’ हे तितकेच जुने प्रश्न आहेत. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रजी लेखकाने 1912 मध्येच आधी गुन्हा दाखवून मग तपास सांगणाऱ्या कथा प्रसिद्ध केल्या होत्या. अमेरिकेत चुरगळलेल्या रेनकोटातल्या कोलंबो या पोलीस तपासनिसाच्या मालिकेने 1970 च्या दशकात हीच पद्धत दूरचित्रवाणीवर लोकप्रिय केली. जीतू जोसेफ यांचा मूळ मल्याळम चित्रपट 2013 चा. निशिकांत कामत यांनी 2015 मध्ये तो हिंदीत आणताना आपल्या गोव्यात वसवला, आणि केबलचा धंदा करणारा, चौथी नापास, चित्रपट पाहून पाहून शहाणा झालेला विजय साळगावकर तिथल्या मातीतला वाटतो हे कामतांचे श्रेय आहे. वडिलांना एवढेच विचारावे की सगळे डोळ्यांनी पाहिले असेल, तर शेवटच्या दहा मिनिटांत ते खुर्चीच्या कडेवर का सरकले होते?

दोघांना मिळून वाचण्यासारखे काही हवे असेल तर केगो हिगाशिनो या जपानी लेखकाची, गणिताच्या एका एकलकोंड्या शिक्षकाची 2005 सालची कादंबरी घ्यावी. इंग्रजीत ती ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ या नावाने मिळते. तिच्यातही खून पहिल्याच प्रकरणात समोर घडतो. तिच्यावरून सुजॉय घोष यांनी केलेला ‘जाने जान’ हा 2023 चा हिंदी चित्रपट घरात कुणी पाहिला नसेल तर कादंबरी संपेपर्यंत तो लावू नये, आणि पाहिला असेल तर त्या व्यक्तीला तोवर जेवणाच्या टेबलावर या विषयावर बोलू देऊ नये.